पॉइन्सेटिया लाल का झाला नाही?

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमारास मी पुण्यातल्या एका रोपवाटिकेतून पॉइन्सेटियाची कुंडी विकत आणली. झाड जेमतेम दीड वीत उंच, पण शेंड्याकडची पाने अशी लालभडक की जिन्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून पाही. आमच्या मजल्यावर जिन्याशेजारी एक रुंद कठडा आहे. सकाळचे ऊन तिथे चांगले येते, म्हणून कुंडी तिथेच ठेवली. मार्चपर्यंत लाल रंग टिकला. पुढे ती पाने गळाली, मी फांद्या छाटल्या, पावसाळ्यात झाड जोमाने वाढले आणि चांगले हातभर उंच झाले. आता या वर्षी दुप्पट लाल होणार, अशा समजुतीत मी डिसेंबरची वाट पाहत राहिलो.

डिसेंबर आला. झाड हिरवेगार! नाताळ उलटला, संक्रांत आली, तरी एकही लाल पान नाही. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, खत कमी पडलं." मी शेणखत घातले, हाडांचे खत घातले. झाड आणखी हिरवे झाले.

वर्गात हा विषय सहज निघाला. आमच्या शाळेच्या कुंपणालगत पॉइन्सेटियाची रांग आहे आणि ती तर दर वर्षी न चुकता लाल होते. तिला खत कोण घालतो? कुणीच नाही. तेव्हा नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, सगळी रांग लाल नाही होत. फाटकाजवळच्या दिव्याच्या खांबाखाली जे झाड आहे ना, त्याची खांबाकडची बाजू हिरवीच राहते. मागची तेवढी लाल होते." आम्ही सारे बाहेर जाऊन पाहून आलो. ती म्हणत होती ते अक्षरशः खरे होते. वर्षानुवर्षे मी त्या फाटकातून आत-बाहेर करतो आहे आणि माझ्या ते ध्यानात आले नव्हते. परत वर्गात येताना तिने विचारले, "सर, तुमच्या जिन्यात रात्री दिवा असतो का?"

असतो. अंधार पडला की तो आपोआप लागतो आणि उजाडले की विझतो. माझी कुंडी बरोबर त्याच्या खाली होती.

दिव्याचा आणि पानांच्या रंगाचा संबंध कसा लागतो हे समजून घ्यायचे, तर आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पॉइन्सेटियाची 'फुले' म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो, ती फुले नव्हेतच. ती पाने आहेत. फुलोऱ्याच्या बुडाशी असणाऱ्या अशा पानांना वनस्पतिशास्त्रात 'छदे' म्हणतात. बोगनवेलीच्या रंगीत 'पाकळ्या'ही अशीच छदे होत. पॉइन्सेटियाची खरी फुले पाहायची असतील, तर लाल छदांच्या अगदी मध्यभागी पाहा. वाटाण्याएवढे हिरवट-पिवळे पेले तिथे दाटीने बसलेले दिसतील. एक पेला भिंगाखाली धरा. कडेला पिवळ्या ओठांच्या आकाराची एक ग्रंथी दिसेल. तिच्यात मध असतो. पेल्याच्या आत मधोमध देठावर एकच स्त्रीपुष्प आणि भोवती कित्येक पुंपुष्पे असतात. पुंपुष्प म्हणजे तरी काय, तर फक्त एक पुंकेसर! ना पाकळ्या, ना निदले. इतक्या क्षुल्लक फुलांकडे कीटकांनी वळावे कसे? ते काम छदे करतात.

तेव्हा छदे लाल होणे हा फुलोरा येण्याचाच एक भाग आहे. झाडाने फुलायचे ठरवले, की शेंड्याची नवी पाने हिरवी न निघता लाल निघतात. माझ्या झाडाला लाल रंग बनवता येत नव्हता असे नाही. फुलण्याची वेळ झाली आहे हेच त्याला कळले नव्हते. झाडाला वेळ कशी कळते, हा आपला मुख्य प्रश्न.

पण हे झाड मुळात कुठले? उत्तर आहे मेक्सिको. त्या देशाच्या प्रशांत महासागराकडच्या डोंगरउतारांवरील पानझडी रानांत ते आपोआप वाढते. तिथे ते झुडूप दहा-बारा फूटही उंच होते. तिथले मूळ रहिवासी, ॲझ्टेक लोक, त्याला 'क्वेतलाशोचित्ल' म्हणत. छदांपासून ते लाल रंग काढीत आणि चिकाचा औषधासाठी उपयोग करीत. स्पॅनिश लोक आल्यावर तास्को या गावाच्या परिसरात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी नाताळच्या सजावटीत हे झाड वापरायला सुरुवात केली. ऐन नाताळात लाल होणारे झाड, मग दुसरे कोणते निवडणार? मेक्सिकोत त्याला आजही 'नोचेबुएना' म्हणतात. नोचेबुएना म्हणजे नाताळची पूर्वरात्र. 'पॉइन्सेटिया' हे नाव मात्र जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट या अमेरिकन गृहस्थांवरून पडले. १८२५ ते १८२९ या काळात ते मेक्सिकोत अमेरिकेचे वकील होते आणि त्यांना झाडांचा नाद होता. तास्कोकडे पाहिलेली ही झुडपे त्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या आपल्या घरी पाठवली. तिथून ती रोपवाटिकांत आणि मग जगभर गेली. शास्त्रीय नाव 'यूफोर्बिया पल्चेरिमा', म्हणजे यूफोर्बियांतील सर्वांत सुंदर. हे नाव १८३४ साली प्रसिद्ध झाले. यूफोर्बिया म्हणजे आपल्या कुंपणावरच्या शेराचे आणि थोराचे कुळ. पान तोडल्यावर पांढरा चीक गळतो तो त्यामुळेच.

आता नकाशा घ्या. तास्को गाव शोधा आणि त्याचे अक्षांश पाहा: सुमारे साडेअठरा अंश उत्तर. मग पुण्याचे अक्षांश पाहा. तेही साडेअठरा अंशच! पृथ्वीच्या पाठीवर ही दोन गावे जवळजवळ अर्धे जग अंतरावर आहेत. त्यांची उंची निराळी, पाऊस निराळा, माती निराळी. पण दिवस आणि रात्र यांची लांबी केवळ अक्षांशावर अवलंबून असते. म्हणून वर्षातल्या कोणत्याही तारखेला तास्कोची रात्र जेवढी लांब, तेवढीच पुण्याची. जूनअखेरीस ती पावणेअकरा तासांच्या आसपास असते, २२ सप्टेंबरच्या सुमारास बारा तास होते आणि २१-२२ डिसेंबरला तेरा तासांवर पोहोचते. पॉइन्सेटिया सातासमुद्रापलीकडून आमच्या कुंपणावर आला तरी त्याच्या रात्री बदलल्या नाहीत.

रात्रीच्या लांबीला एवढे महत्त्व का, याचा उलगडा तंबाखूच्या एका जातीने केला. ही हकिकत विज्ञानाच्या इतिहासात फार मनोरंजक आहे. अमेरिकेत मेरिलँड राज्यात शंभरेक वर्षांपूर्वी तंबाखूची एक राक्षसी जात निघाली. तिला 'मेरिलँड मॅमथ' असे नाव पडले. शेतात हे झाड दहा-दहा फूट वाढे, पानांवर पाने फुटत, पण उन्हाळाभर फूल म्हणून येत नसे. फूल नाही तर बी नाही, आणि बी नाही तर एवढ्या चांगल्या जातीचा उपयोग काय? अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी झाडे हिवाळ्यात काचगृहात नेली. तिथे ती ठेंगणी राहिली, आणि फुलली!

कारण काय असावे? थंडी म्हणावी, तर काचगृह उबदार होते. दोघांनी तापमान बदलून पाहिले, खत बदलले, पाणी बदलले, प्रकाश तीव्र-मंद करून पाहिला. काहीच लागू पडेना. अखेरीस उरली एकच गोष्ट, दिवसाची लांबी. आणि ती इतकी साधी होती की तिचा विचार कुणी केलाच नव्हता. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी शेतावर एक लहानशी अंधारी खोली बांधली. दुपारी चार वाजता काही झाडे आत न्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बाहेर काढायची. बाहेर लांबलचक उन्हाळी दिवस. पण या झाडांपुरता दिवस सात तासांचा. आतली झाडे फुलली, बाहेरची वाढतच राहिली. १९२० साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. दिवस-रात्रीच्या लांबीनुसार वनस्पतींचे वागणे बदलते, या गुणधर्माला 'दीप्तिकालिता' म्हणतात. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या त्या अल्पदिनी. मोठा झाल्यावर फुलणाऱ्या त्या दीर्घदिनी. आणि ज्यांना याची फिकीर नाही त्या उदासीन. टोमॅटो उदासीन, पालक दीर्घदिनी. शेवंती आणि आपला पॉइन्सेटिया अल्पदिनी.

इथे पाठ्यपुस्तक बहुधा थांबते. पण 'अल्पदिनी' हे नाव थोडे फसवे आहे. माझ्या जिन्यातला दिवा काही दिवस लांबवत नव्हता. सूर्य ठरल्या वेळी मावळत होता. मग बिघडले कुठे?

१९३८ साली हॅमनर आणि बॉनर या दोघांनी हे कोडे सोडवले. त्यांनी एक रानटी तण घेतले. आपल्याकडेही ते उकिरड्यावर, माळावर उगवते आणि त्याची काटेरी फळे कपड्यांना चिकटतात. शंखेश्वर म्हणून ते ओळखले जाते. हेही अल्पदिनी. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार करून पाहिला. झाडावर काही परिणाम नाही. मग लांब रात्रीच्या मध्ये अगदी थोडा वेळ दिवा लावला. फुलणे बंद! म्हणजे झाड मोजते ते दिवसाला नव्हे, रात्रीला. आणि रात्रही कशी हवी, तर सलग. मध्यरात्री दिवा लागला, की तेरा तासांची एक रात्र झाडाच्या लेखी साडेसहा-साडेसहा तासांच्या दोन रात्री होतात. अशा अखूड रात्री तर जूनमध्येही नसतात.

पॉइन्सेटियाला फुलण्यासाठी लागणारी सलग रात्र सुमारे बारा तासांची आहे. वाणावाणाप्रमाणे ती थोडी कमी-जास्त होते. आपल्याकडे सप्टेंबरअखेरपासून रात्र ही मर्यादा ओलांडू लागते. ऑक्टोबरात शेंड्यावर फुलोऱ्याची तयारी सुरू होते, नोव्हेंबरात पहिली लाली दिसते आणि डिसेंबरात झाड रंगते. माझ्या झाडाच्या वाट्याला मात्र त्या वर्षी एकही रात्र आली नाही. उजेड सरळ सूर्याकडून दिव्याकडे आणि दिव्याकडून सूर्याकडे जात होता. आता तुमच्या मनात शंका येईल, की पहिल्या वर्षी हेच झाड याच दिव्याखाली मार्चपर्यंत लाल कसे राहिले? त्याचे कारण असे, की ते माझ्या घरी आले तेव्हा फुलून चुकले होते. रोपवाटिकेत, अंधारात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच त्याचा निर्णय झाला होता. एकदा छदे लाल झाली, की मग दिव्याने ती पुन्हा हिरवी होत नाहीत.

झाडाला डोळे नाहीत. मग दिवा 'दिसतो' कशाने? पानांत फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. १९५२ साली बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करून त्याचा सुगावा लावला आणि १९५९ मध्ये ते वनस्पतीत प्रत्यक्ष दाखवले गेले. त्याची दोन रूपे आहेत. लाल प्रकाश पडला की पहिल्या रूपाचे दुसरे होते. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अतिलाल प्रकाशाने दुसऱ्याचे पुन्हा पहिले होते. खटका वर-खाली करावा तसे. सूर्यप्रकाशात आणि घरातल्या पांढऱ्या दिव्यांतही लाल किरण असतात, त्यामुळे दिवसा दुसऱ्या रूपाचा भरणा असतो. अंधारात ते हळूहळू कमी होते. पूर्वी असे वाटे, की हे कमी होणे हेच झाडाचे घड्याळ, वाळूच्या घड्याळासारखे. पण ते तितके सोपे नाही असे पुढे दिसले. वनस्पतीत सुमारे चोवीस तासांचे एक अंतर्गत घड्याळ निराळे चालू असते. फायटोक्रोम त्याला एवढेच सांगते, की आत्ता उजेड आहे की नाही. घड्याळाच्या विशिष्ट घटकेला, म्हणजे रात्रीच्या ऐन मध्यावर, उजेड असल्याचा निरोप आला, की अल्पदिनी झाड फुलणे थांबवते.

निरोप लागतो पानांना, फुलोरा येतो शेंड्याला. मधले अंतर कोण पार करते? रशियन शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच सांगितले होते, की पानातून शेंड्याकडे एखादे संप्रेरक जात असले पाहिजे. त्यांनी त्याला 'फ्लोरिजेन' हे नावही देऊन टाकले. नाव मिळाले, पदार्थ काही सापडेना. सत्तर वर्षे तो हुलकावणी देत राहिला. २००७ साली भात आणि ॲरॅबिडॉप्सिस या वनस्पतींवरील प्रयोगांतून दिसून आले, की तो एक लहानसा प्रथिनाचा रेणू आहे. पानात तयार होतो आणि अन्नरसाच्या नलिकांतून शेंड्याला जातो. शाळेच्या फाटकाजवळचे झाड अर्धे लाल, अर्धे हिरवे का, हेही यावरून समजते. ज्या फांदीच्या पानांना अंधार मिळाला तिच्या शेंड्याला निरोप पोहोचला. खांबाकडच्या फांद्यांना तो मिळाला नाही.

हे सारे सांगून झाल्यावर वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, मग पौर्णिमेला काय होतं?" प्रश्न उत्तम आहे. रानातल्या झाडांवर महिन्यातून काही रात्री चांदणे पडतेच. पण पौर्णिमेचा चंद्र आपल्याला कितीही लख्ख वाटला, तरी त्याचा जमिनीवर पडणारा प्रकाश पाव-एक लक्स एवढाच असतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली तो सहज दहा-वीस लक्स भरतो. आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन चांदण्याची भरपाई करते. पानाला ती सोय नाही. चांदणे पॉइन्सेटियाच्या हिशेबात अंधारातच जमा होते.

पुढच्या वर्षी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, आम्ही प्रयोग केला. पावसाळ्यात फाटे लावून तयार केलेली सारख्या उंचीची दोन झाडे निवडली. एक ऑक्टोबरपासून एक झाड रोज संध्याकाळी सहा वाजता जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याखाली झाकायचे आणि सकाळी आठला उघडायचे, म्हणजे सलग चौदा तास अंधार. दिवसभर दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी उन्हात. दुसरे झाड रात्री उघडे, दिव्याखाली. खोक्याच्या सांध्यांतून उजेड झिरपतो असे पहिल्याच रात्री लक्षात आले, म्हणून आतून काळा कागद लावला आणि वर एक जुनी चादर टाकली. पाचव्या आठवड्यात झाकलेल्या झाडाच्या शेंड्याच्या पानांत शिरांजवळ तांबूस झाक दिसली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पुरते लाल होते. दुसरे हिरवेच. दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री खोके घालायचे राहून गेले, तेवढ्याने काही फरक पडला नाही. पण एखाददुसऱ्या रात्रीपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये. रंग उशिरा येतो किंवा अर्धवट येतो. आणखी एक धोका: खोके घातले की झाड सुरक्षित आहे असे समजून काही जण ते दिवसाही काढत नाहीत. पानांना दिवसा भरपूर ऊन मिळाले नाही, तर रंग बनवायला लागणारी साखर येणार कुठून?

अंधाराखालोखाल महत्त्व तापमानाला. पॉइन्सेटियाला हिवाळी झाड म्हणतात म्हणून त्याला थंडी आवडते असे समजू नका. रात्री १६ ते १८ अंश सेल्सिअस त्याला मानवते. तापमान दहा अंशांखाली गेले तर पाने काळवंडून गळू लागतात. नाशिक-निफाडकडे थंडीची लाट येते तेव्हा कुंडी आत घ्यावी. उलट रात्र फार उबदार असली, तर अंधार पुरेसा असूनही रंग रेंगाळतो. युरोप-अमेरिकेत बाहेर बर्फ असते, म्हणून तिथे हे झाड कायम घरातले. आणि तिथली अडचण आपल्या उलट, की घरातली हवा कोरडी, ऊन थोडे आणि दिवाणखान्यातले दिवे रात्री अकरापर्यंत चालू. तिथल्या हौशी लोकांना खोके किंवा कपाट यांचाच आसरा घ्यावा लागतो. व्यापारी बागवान मात्र हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करतात: काचगृहावर काळे कापड ओढून फुलोरा लवकर आणतात, किंवा मध्यरात्री दिवे लावून तो लांबवतात. पॉलिहाउसमधल्या शेवंतीलाही रात्री असेच दिवे लावतात, दांडे पुरेसे लांब होईपर्यंत ती फुलू नये म्हणून.

विकत आणलेली बहुतेक झाडे मरतात ती पाण्याने. कुंडीभोवती चकचकीत कागद गुंडाळलेला असतो; दिसायला छान, पण पाणी त्यात साचते आणि मुळे कुजतात. घरी आणल्याबरोबर तो कागद काढून टाकावा, निदान तळाला भोके पाडावीत. बोट मातीत खुपसून पाहावे. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत झाडावर येऊ देऊ नये. पिकणाऱ्या केळ्यांच्या घडाशेजारीही कुंडी ठेवू नये. फळे पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्याने पॉइन्सेटियाचे देठ लुळे पडतात आणि पाने गळतात. छदांचा रंग उतरला की मार्चच्या सुमारास फांद्या वीतभर ठेवून छाटाव्यात. नवी फूट आली की खत द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये शेंडे खुडले की बगलेतून फांद्या फुटतात; पण सप्टेंबर लागल्यावर खुडू नये, कारण फुलोरा शेंड्यावरच येणार असतो.

शेंडे खुडूनही शाळेच्या कुंपणावरची जुनी झाडे उंच, काटकुळी राहतात आणि रोपवाटिकेतली झाडे मात्र घुमटासारखी गच्च असतात. यात एक गंमत आहे. कॅलिफोर्नियातील एका बागवान घराण्याकडे अशी गच्च झाडे तयार करण्याची युक्ती होती आणि ती त्यांनी बरीच वर्षे गुप्त ठेवली होती: गच्च झाडावर काटकुळ्याचे कलम बांधायचे, की काटकुळेही गच्च होते. कलमातून नेमके काय जाते? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उत्तर दिले, की जातो तो रोग! फायटोप्लाझ्मा नावाचे, पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जंतू या झाडांत मुक्काम करतात आणि त्यामुळे फांद्यांवर फांद्या फुटतात. वांग्याला पर्णगुच्छ रोग होतो आणि झाड बारीक पानांच्या झुपक्यांनी भरून जाते, ते तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिले असेल. तोही फायटोप्लाझ्माचाच प्रताप. वांग्यात ज्याने शेतकऱ्याचे नुकसान होते, त्याच्या भाऊबंदावर पॉइन्सेटियाचा जगभरचा व्यापार उभा आहे. याशिवाय रोपवाटिकेत वाढ रोखणारी रसायनेही देतात. घरी त्यांचा अंमल ओसरतो आणि झाड दुसऱ्या वर्षी भराभर उंच होते; माझ्या झाडाचे तेच झाले होते.

छाटताना चीक अंगावर उडणार नाही याची काळजी घ्या. त्वचेला खाज सुटते आणि डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते. हात साबणाने धुवावेत. 'पॉइन्सेटियाचे पान खाल्ले तर माणूस मरतो' असे मात्र काही नाही. ही अफवा अमेरिकेत गेली शंभर वर्षे फिरते आहे आणि आपल्याकडेही ऐकू येते. पान कडू असते, खाल्ल्यास मळमळ किंवा उलटी होऊ शकते, म्हणून लहान मुलांच्या आणि गुरांच्या तोंडी लागू देऊ नये इतकेच. खरे विषारी झाड पाहायचे असेल, तर त्याच बागेत बहुधा कण्हेर असते, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

यंदा आम्ही फाटकाजवळच्या त्या झाडाकडे पुन्हा वळणार आहोत. तुमच्या गल्लीत, शाळेत, बसस्थानकाजवळ पॉइन्सेटिया दिव्याच्या खांबाजवळ असेल, तर तुम्हालाही हे करता येईल. डिसेंबरच्या मध्यावर एक फेरी मारा. खांबापासून प्रत्येक फांदीचे अंतर पावलांनी मोजा आणि ती लाल, हिरवी की अर्धवट, हे वहीत टिपा. मधे भिंत किंवा दुसरे झाड येऊन सावली पडते का, तेही लिहा. किती पावलांवर हिरवे संपते आणि लाल सुरू होते? आमच्या फाटकापाशी तो आकडा सुमारे सहा पावले आहे. पण मागच्या वर्षी तिथला पिवळा दिवा जाऊन पांढरा एलईडी आला, तेव्हा यंदा तो बदलला का, हे त्या नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या, मुलीनेच मोजायचे ठरवले आहे.